बुथैनाचं नाव होतंय

...आणि वर छापलंय काय, तर 'कठोर हृदयाची आई'. कोण कठोर? माझी बहीण? अहो, जी बाई मांजराला आंबट चालत नाही म्हणून घरातल्या कालवणात लिंबू पिळत नाही, आम्ही सगळे गेली सहा वर्षं मांजराच्या चवीने जेवतोय, ती कठोर?

तुम्हाला सांगतो, मी हेश्मी, बिझर्तच्या जुन्या बंदरावरून मासळीची गाडी चालवतो, एकतीस वर्षं चालवतोय, आणि शिळ्या माशाला नि शिळ्या बातमीला सारखाच वास येतो, फरक इतकाच की शिळा मासा लोक दुपारपर्यंत परत आणून तोंडावर मारतात. बातमी कोणी परत आणत नाही. ती पुढच्या घरी जाते.

माझी भाची बुथैना. वसीलाची मुलगी. सव्वीस वर्षांची, सकाळी चष्म्याच्या दुकानात काम करते आणि दुपारनंतर चित्रं काढते, मुलांच्या पुस्तकांची. म्हणजे गोष्ट दुसऱ्याची, चित्रं हिची. ट्यूनिसच्या एका लहानशा प्रकाशकाने तिला पहिलं पुस्तक दिलं, एका बोय माशाची गोष्ट होती, आणि तुम्हाला सांगतो, तिने काढलेला तो बोय बघून मला, मासळीवाल्याला, वाटलं की ह्याला तराजूत टाकावं.

आता हा हात आला कुठून? आईकडून. वसीला लग्नाच्या पोशाखांवर जरीचं काम करते. आधी कापडावर पेन्सिलीने नक्षी काढायची, मासा, डाळिंब, पक्षी, आणि मग त्यावरून जर. ही बाई नक्षी कशात बघून काढत नाही, एकदा पेन्सिल टेकवली की शेपटीपर्यंत उचलत नाही. बुथैना चार वर्षांची असल्यापासून तिच्या मांडीला टेकून तेच गिरवत होती. शाळेत नंतर घातली तिला. मासा आधी आला, अलिफ मागाहून. हे सगळं मी डोळ्यांनी बघितलंय, आणि मलाच आता वर्तमानपत्र सांगणार?

बरं. पुस्तक आलं, म्हटलं प्रदर्शन करू. पहिलं प्रदर्शन कुठे, तर माझ्या दोस्ताच्या कॉफीच्या दुकानात. अकरा चित्रं. ती लावली कुठे? संडासाकडे जाणाऱ्या बोळात. दोस्त म्हणाला, हेश्मी, माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस त्या बोळातून एकदा तरी जातोच, नाव होईल पोरीचं. गेले हो सगळे. पण जाताना घाई आणि येताना हात ओले, चित्र बघायचं कधी? आणि ज्यांनी बघितली ते म्हणाले, चित्रांना मासळीचा वास मारतो. मारणारच. माझ्या गाडीतून आणली होती. मी चिडलो तर बुथैना म्हणाली, मामा, जाऊ दे, नाव होतंय ना.

तिथेच तो मुराद आला. सी मुराद, म्हणजे मुरादसाहेब. कुठल्या वर्तमानपत्राचा ते मी सांगणार नाही, माझ्या तोंडाने त्यांची जाहिरात कशाला? कॉफी मागवली, वही उघडली, आणि म्हणाला, 'तुमचा संघर्ष सांगा.'

मी शेजारच्या टेबलावर. बुथैना म्हणाली, तसा काही संघर्ष नाही. घरून विरोध? नाही. वडील? ते जहाजावर असतात, वर्षातून दोनदा येतात, येताना रंग आणतात. त्या माणसाचं तोंड असं पडलं, असं पडलं, की जसं मी गाडीचं दार उघडावं आणि आत नुसता बर्फ निघावा. मग पुढे वाकून, आवाज मऊ करून विचारतो, 'लहानपणी कधी कोणी... रंग काढून घेतले?'

आणि ही पोरगी खरं बोलणारी. हसत म्हणाली, हो, एकदा. सात वर्षांची होती, कुणाच्या तरी लग्नाच्या रेशमावर हिने न पुसली जाणारी पेन्सिल घेऊन सात मासे काढले. आईने रंगांचा डबा आठवडाभर कपाटावर ठेवून दिला. बस्. आणि पुढचंही तिने सांगितलं बरं का, की आईने ते मासे खोडले नाहीत, त्यांच्यावरूनच जर फिरवली, आणि ती नवरी सात वाकडे मासे अंगावर घेऊन लग्नाला उभी राहिली आणि विचारेल त्याला सांगत होती की ही नवीन पद्धत आहे. एवढं सांगेपर्यंत मुरादने वही मिटलेली. त्याला पाहिजे होतं ते मिळालं होतं. कॉफी पण अर्धी टाकून गेला.

गुरुवारी छापून आलं. मी काय केलं माहितीये? हे सांगायला लाज वाटते, पण सांगतो. तीस अंक विकत घेतले. अर्ध्या पानाचा फोटो, बुथैना आणि मागे तिचा बोय. मी डोळ्याला चष्मा न लावताच बाजारभर वाटत सुटलो, कोळणींना दिले, बर्फवाल्याला दिला, मशिदीच्या पायरीवर बसणाऱ्या म्हाताऱ्यांना दिले, म्हटलं, वाचा, आमच्या वसीलाची मुलगी. आणि ते वाचत होते आणि माझ्याकडे बघत होते, आणि मला वाटलं कौतुकाने बघतायत. शेवटचा अंक उरला तेव्हा चष्मा लावला.

'आईने रंग फेकले, तिने स्वप्न फेकलं नाही.'

आणि खाली ते, कठोर हृदयाची आई, शिवणकामात बुडालेली, कलेचा गंध नसलेली. शिवणकाम! तिच्या जरीला शिवणकाम! एकोणतीस घरांत मी स्वतःच्या हाताने माझ्या बहिणीची बेअब्रू पोचती केली, ती पण ताजी ताजी, सकाळी नऊच्या आत.

वसीलाने वाचलं. घडी घातली, सुईच्या डब्याखाली ठेवलं. त्या दिवसापासून बुथैनाशी बोलणं बंद. ताट वाढायची, पाणी ठेवायची, रात्री पांघरूण पण घालायची, पण शब्द नाही. बुथैना म्हणायची, उम्मी, मी असं नाही बोलले. उम्मी जरीत दोरा ओवायची. आता जी मुलगी आयुष्यभर चित्र संपलं की आधी आईपुढे धरते आणि आई म्हणते, शेपूट लांब झाली, ती मुलगी चित्र काढणार कशी हो? धरणार कुणापुढे? माझ्यापुढे धरायची. मी म्हणायचो, ताजा दिसतो. याने काय होतं?

बरं, घरात हे, आणि बाहेर काय? हमामात बाया वसीलाजवळून तस्तं उचलून पलीकडे जाऊन बसल्या. आणि एका नवऱ्या मुलीची आई, लल्ला दोजा, अर्धा झालेला पोशाख परत घेऊन गेली. म्हणाली, ज्या हातांनी पोटच्या पोरीचे रंग फेकले ते हात माझ्या लेकीच्या लग्नाच्या कपड्याला नकोत. दारात उभी राहून म्हणाली. वसीलाने टाचण्या काढल्या, कापडाची नीट घडी घातली, खाली कागद घातला, आणि दिला. चार महिन्यांचं काम. मी तेव्हा तिथे असतो ना, तर... काही नाही केलं असतं, पण बोललो तरी असतो.

मग आम्ही मुरादकडे गेलो. मी आणि बुथैना. चूक सुधारून छापा म्हटलं. तो म्हणाला, चूक कुठली? डबा काढून घेतला होता की नव्हता? घेतला होता. मग? आणि सी हेश्मी, म्हणाला, तुम्ही चिडू नका, त्या लेखामुळे दोन जणांनी मला तिचा नंबर मागितलाय, नाव होतंय ना. तरी मी टेबलावर हात ठेवून उभा राहिलो, हाताला बांगड्याचा वास, तेव्हा म्हणाला, बरं, छापतो खुलासा. छापला. चार ओळी. काय? 'चित्रकार बुथैनाने आपल्या आईला मोठ्या मनाने माफ केलं आहे.'

माफ केलं! कशाबद्दल? मांजराबद्दल?

मग रेडिओ. बुथैनाला बोलावलं, ती म्हणाली, मामा, इथे कोणी वाक्य कापू शकत नाही, थेट असतं, मी स्वतः सांगीन. मी गाडीत रेडिओ लावून बसलो, बंदरावरची निम्मी माणसं गाडीला टेकून. आणि तिने सांगितलं हो, स्पष्ट सांगितलं, माझ्या आईने मला चित्र शिकवलं, तिच्यासारखी रेघ मला अजून येत नाही. मी मान वर केली, बघा म्हटलं. आणि तिकडून ती निवेदक बाई, आवाजात असं मध घालून, 'ऐका श्रोतेहो... इतकं सोसूनसुद्धा ती आजही आईचीच बाजू घेते.' आणि तारांचा ऊद वाजवायला लावला मागे. रडका ऊद. माझ्या गाडीला टेकलेला बर्फवाला डोळे पुसत होता. त्याला मी अठरा वर्षं ओळखतो, तो वसीलाच्या हातचं जेवून मोठा झालाय, आणि तो मला म्हणतो, सी हेश्मी, तुम्ही घरात होतात, तुम्ही का नाही अडवलंत?

तुम्हाला सांगतो, त्या दिवशी मी बोयची एक पेटी न विकता तशीच टाकून घरी गेलो.

आता ह्या सगळ्या गोंधळात तिला मोठं प्रदर्शन मिळालं. बंदर कलामंडळाचं, तेलाच्या जुन्या वखारीवरच्या दालनात, खऱ्या भिंती, खरे दिवे, संडास वेगळ्या मजल्यावर. मंडळाच्या मादाम फौझिया स्वतः फोन करून म्हणाल्या, तुमची कहाणी ऐकून आम्ही हलून गेलो. कहाणी ऐकून. चित्रं बघून नाही. बुथैनाने फोन ठेवला आणि म्हणाली, मामा, मी नाही म्हणून कळवते. मला नाव नको. ज्या नावापायी घरात आई बोलत नाही ते घेऊन मी करू काय?

वसीला कोपऱ्यात जरीवर वाकलेली. एकोणीस दिवस तोंड बंद. तिने दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, 'नाही कशाला म्हणतेस? एवढी बदनामी झाली माझी, ती फुकट घालवतेस होय?'

बुथैना तिच्या मांडीवर डोकं ठेवून इतकी रडली की रेशीम भिजेल म्हणून वसीलाने ते आधी बाजूला सरकवलं आणि मग तिच्या केसांवर हात ठेवला. मग म्हणाली, आण काय काढलंयस ते. बघितलं सगळं एकेक. शेपटी लांब झालीये म्हणाली, दोन ठिकाणी. रात्री घरात खजुराचे गोड मकरूद तळले, आणि मी सात खाल्ले.

उद्घाटनाला वसीला आली. चांगला पांढरा सफसारी डोक्यावरून अंगभर गुंडाळून, ताठ. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'आईच्या विरोधाला न जुमानता'. वाचलं तिने. मी म्हटलं, आता ही परत फिरते. फिरली नाही. चित्रांपुढून हळूहळू गेली, प्रत्येकापुढे थांबून. एवढ्या गर्दीत ती एकटी बाई चित्रं बघत होती, बाकी सगळे तिला बघत होते.

मादाम फौझियांनी भाषणात तीन वेळा 'अंधार' म्हटलं. मग वसीलाला बघून म्हणाल्या, आई आपल्यात आल्या आहेत, दोन शब्द बोलायचं धैर्य दाखवतील का? आणि वसीला गेली. माईक हातात धरायला तयार नाही, तशीच बोलली.

म्हणाली, 'मी हिचा डबा एक आठवडा कपाटावर ठेवला होता. त्या आठवड्यात हिने माझ्या सुया घेऊन भिंतीवर ओरखडे काढले, मासेच काढले. घराला नंतर तीनदा चुना लावला, पण तेवढा तुकडा मी कोणाला लावू दिला नाही. अजून आहे. या घरी, दाखवते.'

मी म्हटलं, संपलं, आता कोण काय बोलणार? एवढं स्वच्छ कोणी कधी बोललं नसेल. आणि टाळ्या पडल्या, बाया रडल्या, मादाम फौझियांनी वसीलाला मिठी मारली आणि म्हणाल्या, किती धैर्याने कबूल केलंत. वसीला म्हणत होती, नाही हो, मी काय म्हणते... पण मिठीतून आवाज बाहेर येईना.

गुरुवारी मी चष्मा लावून अंक घेतला. एकच घेतला.

'कोंडलेल्या चिमुरडीने भिंत ओरबाडली! एकोणीस वर्षांनी आईला पश्चात्ताप.'

आता रोज दोन-तीन बाया घरी येतात, भिंत बघतात, च्-च् करतात, आणि वसीलाचा हात हातात घेऊन म्हणतात, अल्लाह तौबा कबूल करतो. लल्ला दोजा तो पोशाख परत घेऊन आली, माफ केलं म्हणाली, पुढच्या शुक्रवारपर्यंत पुरा करून दे म्हणाली. बुथैनाला दुसरं पुस्तक मिळालं, ट्यूनिसला प्रदर्शन ठरलं, नाव होतंय ना. खरंच होतंय, खोटं कशाला बोलू?

पण माझं डोकं फिरलं होतं. मी अंक मुठीत धरला, बूट चढवले, म्हटलं, आज मुरादच्या टेबलावर पेटीच उपडी करतो. बुथैनाने पण फोन उचलला, परत रेडिओला सांगते म्हणाली. वसीला कापडावर जरीचं डाळिंब भरत होती. मान वर न करता म्हणाली, 'दोघं बसा खाली. पहिल्यांदा छापलं तेव्हा मी नुसती कठोर होते. तुम्ही खुलासे केलेत, आता मी पोर कोंडणारी झाले, पण निदान पश्चात्ताप तरी झालाय मला. अजून एक खुलासा कराल, तर त्यात मी मरेन.'

बूट काढले. बसलो. बहीण जिवंत छापली जातेय, तेवढं पुरे म्हटलं.