बाकाची पाठ तळ्याकडे

...नाही, मला एवढंच सांगा, माणसानं विचारायचं नाही तर करायचं काय? तोंड दिलंय ते काय नुसतं जेवायला? पण आमच्या हिनं बसमधून उतरायच्या आधीच दम भरला, "आज कुणाला काही विचारायचं नाही. एक जरी प्रश्न विचारलात ना, तर यापुढे मी माझ्या ताईबरोबर फिरायला जाईन, तुम्ही बसा घरी." आता तिची बाजूही सांगतो, खोटं कशाला बोलू? मागच्या खेपेला संग्रहालयात, त्या मोठ्या घड्याळाला किल्ली कोण देतं, असं मी पहारेकऱ्याला विचारत बसलो आणि आमची बस सुटली. म्हणजे ही बसमध्ये आणि मी घड्याळापाशी! तेव्हा धमकी खरी होती. आणि हिच्याशिवाय मला कुठं करमत नाही हो, अजिबात नाही. म्हटलं, कबूल. तोंडाला कुलूप. आणि आत शिरतोय तोच... ते बाक!

तुम्हाला सांगतो, एवढं मोठं तळं, काठावर कुण्या जुन्या जमीनदाराचा तो भलाथोरला बंगला, बंगल्याभोवती बाग, गुलाबाचे ताटवे, कारंजी, सगळं आता लोकांसाठी खुलं... आणि तळ्याच्या अगदी काठाला एक दगडी बाक. तोंड कुठं? भिंतीकडे! मागं चमचम पाणी, होड्या, बदकं, आणि बसणाऱ्याच्या समोर काय, तर बागेची वेल चढलेली जुनी भिंत. अहो, बाकाची पाठ तळ्याकडे का?

पण विचारायचं नाही!

आमच्याबरोबर एक गाइडबाई होत्या, सगळं एका सुरात म्हणायच्या, "हे बाऽऽक, इथे मालकीणबाई रोज संध्याकाळी बसायच्याऽऽ, आता आपण कारंज्याकडे वळूऽऽ." वळू काय? अहो, थांबा की! चाळीस माणसं मुकाट्यानं वळली. एकाला वाटू नये, की बाई रोज बसायच्या तर भिंत बघत बसायच्या? मी शेजारच्या टोपीवाल्याला कोपरानं ढोसलं, भुवया उडवल्या, बाकाकडे बोट केलं. म्हटलं, हा तरी विचारेल. त्यानं हात वर केला. माझा जीव भांड्यात पडला. आणि विचारलं काय, तर बाथरूम कुठं आहे!

मग मी युक्ती काढली. प्रश्न नाही विचारायचा ना? नुसतं बोलायला काय हरकत आहे? ताटव्यात एक माळी बसला होता, त्याच्याजवळ जाऊन भिंतीला सांगितल्यासारखं म्हटलं, "वा, बाक छान आहे. पाठ तळ्याकडे आहे." तो म्हणाला, "हो." मी म्हटलं, "काहीतरी कारण असणार." तो म्हणाला, "असणार." मी म्हटलं, "मला ते ठाऊक नाही." तो म्हणाला, "मलाही नाही," आणि पाइप उचलून पलीकडच्या ताटव्यात गेला. मागं वळून बघतो तर ही उभी, कमरेवर हात. मी म्हटलं, प्रश्न कुठं विचारला? शपथ घ्यायला तयार आहे, एकाही वाक्याच्या शेवटी आवाज वर गेला नाही!

हिचा चेहरा असा पडला, की मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. म्हणजे बिचारी सकाळपासून नवी साडी नेसून माझ्याबरोबर बाग बघायला आलीय आणि मी तिच्याकडे बघतोय का? मी बाक बघतोय! म्हटलं, चल, बसू जरा. आता दुसरं बाक रिकामं नव्हतं, त्याला मी काय करणार?

तर बसलो. पाठ तळ्याकडे, तोंड भिंतीकडे. आणि ही हसायला लागली. आपल्याशीच. मी तिच्याकडे नुसतं बघितलं... बघायला बंदी नव्हती. तर म्हणाली, "मला कळलं. त्या बाईंचा नवराही तुमच्यासारखाच असणार. तळ्याकडे तोंड करून बसवला, की होडी कुणाची, पाणी कुठून येतं, बदकं रात्री कुठं जातात... म्हणून बाईंनी बाक फिरवून घेतलं. भिंतीत विचारण्यासारखं काय असतं?"

पटलं हो मला! शंभर टक्के पटलं. बाई हुशार! मग हिनं माझ्या हातावर हात ठेवला, वारा येत होता, आणि मला एकही प्रश्न पडत नव्हता, म्हणजे बघा. वाटलं, जिंकलो. आता ताईबिई सगळं बाद, जन्मभर हीच माझ्याबरोबर फिरणार.

तेवढ्यात वाऱ्यानं वेल जरा हलली. वेलीमागं, भिंतीत, एक बुटकं दार. विटांनी बुजवलेलं.

मी डोळे मिटून घेतले. दात आवळले. जीभ टाळूला चिकटवून ठेवली. कुणी बुजवलं, कधी, आत काही राहिलं का, कुणी राहिलं का... सगळं गिळलं! घामानं भिजलो, पण चकार शब्द काढला नाही.

तर शेजारून हळूच आवाज, "अहो... ते दार कुणी बुजवलं असेल हो?"

आता मला कसं ठाऊक असणार? सकाळपासून मला कुणाला विचारू दिलंय का!