सतराचा पाढा आणि फ्लूची सुई

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय हेमचंद्र टिपणीस, व्यासपीठावरचे मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या डॉ. वसुधा आगाशे, त्यांचे यजमान जगदीशराव, आणि मागून पुऱ्यांचा वास येत असतानाही खुर्ची न सोडणाऱ्या माझ्या लखनौकर बंधुभगिनींनो, सर्वांना चंदा मेश्रामचा नमस्कार आणि जयभीम.

अध्यक्षांनी मला थोडक्यात बोलायला सांगितलंय. मुख्याध्यापिकेला थोडक्यात बोलायला सांगणं म्हणजे काय, ते त्यांना अजून कळायचंय.

मी नागपूरची. यजमान रेल्वेत, त्यामुळे एकदा चारबाग स्टेशनावर उतरले ती इथलीच झाले. निशातगंजच्या आमच्या शाळेत वसुधाताई पहिल्यांदा आल्या, तो हिवाळा मी विसरणार नाही. धुकं होतं, निम्मे वर्ग तापाने रिकामे होते आणि आमची तिसरीतली उत्कर्षा दवाखान्यात होती. साधा फ्लू म्हणता म्हणता छातीत उतरला होता. तिची आई शाळेच्या फाटकाशी येऊन नुसती उभी राहायची. उत्कर्षा बरी झाली. आज ती समोर बसली आहे आणि मी तिचं नाव घेतल्यामुळे माझ्यावर रागावली आहे.

त्याच आठवड्यात ताई त्यांच्या विषाणू संशोधन संस्थेतून थेट माझ्या खोलीत आल्या. म्हणाल्या, ‘‘चंदाताई, पुढच्या थंडीआधी मुलांना लस देऊ. आणि नुसती मुलांनाच नको. घरी आजी-आजोबा असतात, शेजारी असतात. गल्लीच्या गल्ली बोलवा.’’ सांगणं सोपं होतं. पुढे औषध थंड कसं ठेवायचं, नर्स कुठून आणायच्या, डॉक्टर दिवसभर कोण थांबणार, सगळं त्यांनीच उभं केलं. आपल्या मराठी मंडळालाही त्यांनीच कामाला लावलं. सतरंज्या उचलणारे प्राध्यापक मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

ऑक्टोबरातला रविवार. बर्फाच्या पेट्या आल्या, टेबलं लागली, माणसं जमली. आणि रांग हलेना! कुठल्याशा गल्लीत लस घेतल्यावर एका पोराला ताप आला, अशी आवई उठली होती. सगळ्यांचे डोळे रईसा अम्मांकडे. जुन्या लखनौतल्या चौक भागात आयुष्यभर चिकनचं भरतकाम केलेली ही बाई, आता नातीसाठी निशातगंजला राहते. त्या म्हणतील ती पूर्व दिशा. (अम्मा, आप ही की बात चल रही है. तारीफ़ ही कर रही हूँ, बैठी रहिए.)

ताई अदबीने म्हणाल्या, ‘‘अम्मा, तशरीफ़ लाइए.’’

अम्मांनी ओढणी सावरली आणि त्याहून अदबीने म्हणाल्या, ‘‘नहीं डॉक्टर साहिबा, पहले आप.’’

आता लखनौत राहून ‘पहले आप’चा अर्थ कुणाला सांगायला हवा का? त्यात आदर असतो, आणि वेळप्रसंगी चांगला सणसणीत नकारही असतो. ताईंना तो बरोबर कळला. त्यांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. मला वाटलं, अपमान झाला. तेवढ्यात जगदीशराव माझ्या कानाशी पुटपुटले, ‘‘हिला सुईची भयंकर भीती वाटते हो. चक्कर येते.’’

ऐकताय ना? जिने जन्मभर विषाणूंशी संसार केला, ती बाई सुईला घाबरते!

ताईंना सहज म्हणता आलं असतं, ‘मी कधीच घेतली.’ कोण तपासणार होतं? पण त्या सगळ्या मुलांसमोर म्हणाल्या, ‘‘अम्मा, मैंने अभी नहीं लगवाई. मुझे सुई से बहुत डर लगता है. पर लगवाऊँगी.’’ मग खुर्चीत बसल्या, बाही वर केली आणि मला मराठीत म्हणाल्या, ‘‘चंदाताई, माझा हात धरा.’’

धरला. त्यांनी तो असा आवळला की माझ्या दोन बांगड्या तिथेच वाढल्या. डोळे गच्च मिटून त्या मोठ्याने म्हणायला लागल्या, ‘‘सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न...’’ सतरा चोकला सुई आत गेली, तिथे पाढा जरा किंचाळला, पण पंच्याऐंशीला पोचला! पोरं खो खो हसली. अम्मा उठल्या, ताईंना स्वतःच्या हाताने पाणी पाजलं आणि म्हणाल्या, ‘‘अब हमारी बारी.’’ त्यांच्यानंतर त्यांची नात, आणि मग रांग थांबलीच नाही.

तेव्हापासून दर शिबिरात आमची पोरं सुई घेताना सतराचा पाढा म्हणतात, तोही मराठीत. आपल्या घरची मुलं आपण मराठीत विचारलं की हिंदीत उत्तरं देतात, ही तुमची सगळ्यांची तक्रार. अहो, पण सतराचा पाढा त्यांना येतो! आणि त्यांच्या शेजारी बसून रईसा अम्मांच्या नातीलाही येतो.

आता जरा अवघड बोलते. मंडळाच्या गेल्या बैठकीत ताईंनी विचारलं, ‘‘मी साताऱ्याला गेल्यावर शिबिर कोण बघणार?’’ आपण काय केलं? धनंजयरावांनी आशिषकडे बोट दाखवलं. आशिष म्हणाला, ‘‘अरे नहीं, पहले आप!’’ सगळे हसलो, चहा प्यायलो, घरी गेलो. ताई हसल्या नव्हत्या. त्या कप हातात धरून तशाच बसल्या होत्या, आणि ते बघून मला घरी जाऊन जेवण गेलं नाही.

म्हणून अध्यक्षमहाराज, आपल्या परवानगीने सांगते. येत्या ऑक्टोबरचं शिबिर मी घेते. मार्चमध्ये मी निवृत्त होतेय, गुडघे कुरकुरतात, आणि ताईंच्या ज्ञानाचा शंभरावा हिस्साही माझ्याकडे नाही. मला भीती वाटते. पण भीती वाटत असतानाच बाही वर करायची असते, हे मी ज्यांच्याकडून शिकले त्या इथेच बसल्या आहेत. आशिष, तू बर्फाच्या पेट्या बघशील. मान हलवू नकोस, मी विचारलेलं नाही.

वसुधाताई, आमच्या लेकरांचे हिवाळे तुम्ही सुखाचे केलेत. आमचं तुमच्यावर फार प्रेम आहे. जगदीशराव, तुम्ही त्यांचे इतके रविवार आम्हांला दिलेत, तुमचेही आभार. मंडळाचे, अम्मांचे आणि पुऱ्या तळणाऱ्यांचे आभार. बोलताना कुणाला टोचलं असेल तर मोठ्या मनाने पदरात घ्या. विषयच सुईचा होता.

आणि ताई, साताऱ्यात दर वर्षी लस घ्यायची, चुकवायची नाही. खुर्चीत बसलात की मला फोन लावा; निवृत्त झाले तरी त्या दिवशी मी शाळेत येऊन बसेन. तुमचा हात धरायला मी तिथे नसेन. पण शाळा भरलेली असेल, आणि सगळी पोरं मिळून इथून पाढा म्हणतील.