ही सोय बंद आहे

टिंग! वाळवणयंत्र थांबलं आणि शिनचू शहरातल्या एका लाँड्रीतली घरघर शांत झाली. लेकीसोबत मोजे जुळवत बसलेल्या शिऊफांगच्या शेजारी दोन प्रोग्रॅमर मुली बोलू लागल्या.

“ताई, कंपायलरमधली माझी दुरुस्ती घेतली!”

“चौथ्या खेपेला! शाबास, पेईशान!”

“आधी कोड तपासताना कंपायलर नुसता खेकसायचा, ‘ओळ चुकली.’ आता सांगतो, ‘या ओळीला लागणारी जादा सोय बंद आहे, ती अशी सुरू करा.’”

“तुझे तीन दिवस खाल्ले होते त्या ओळीनं.”

“वरिष्ठ म्हणायचे, ‘शिकणाऱ्यानं शोधावं.’ आज त्यांनीच मंजुरी दिली!”

“मग रडतेस काय, वेडे? चहा पाज!”

शिऊफांगलाही हसू आलं. तेवढ्यात लेकीनं विचारलं, “आई, तू मला नुसतं ‘चुकलं’च का म्हणतेस?”