दोन्हीकडे सही

(रहिवासी गल्ली, सकाळचे साडेअकरा. मोजपट्टीचं एक टोक रस्ते विभागाच्या अभियंत्याच्या हातात, दुसरं एका तरुण आईच्या. तिचे सासरे फाटकाशी उभे.)

अभियंता : ताई, टोक जमिनीला टेकवा. हवेत धरलंत तर माप खोटं येतं.

सून : टेकवलंय. तुम्ही आधी मागे बघा, गाडी येतेय. बाजूला व्हा, बाजूला! ...बघितलंत? कशी गेली ती? रस्त्यात दोन माणसं वाकलेली दिसतायत, तरी वेग कमी नाही. पट्टीवरून गेली सरळ.

अभियंता : पोलादी आहे. तिला काही होत नाही.

सून : तिला नाही होत. माझी मुलगी पोलादी नाहीये.

अभियंता : अहो, मी कुठे तसं म्हटलं? वळणापासून चौदा मीटर साठ. लिहून घेतो.

सून : म्हणजे जागा बसते?

अभियंता : जागा हीच बसते. पुढे वळण आहे, तिथे देता येत नाही. मागे गटाराची झाकणं आहेत, तिथेही नाही. अख्ख्या गल्लीत गतिरोधकाला लायक अशी ही एवढीच जागा, तुमच्या फाटकासमोरची.

सासरे : मी म्हणतो, सावलीत या ना दोघंही. पाणी आणू का साहेबांना?

अभियंता : नको काका, निघतोच आहे.

सून : निघताय म्हणजे? आज पिवळ्या खुणा मारायच्या होत्या ना? तुम्हीच फोनवर म्हणालात, मापं घेतो आणि खुणा मारतो.

अभियंता : फोननंतर मी फाइल उघडली. मापं तर घ्यावीच लागतात. प्रस्ताव बंद करायचा असला तरी लागतात.

सून : बंद?

अभियंता : हरकती आल्यात, ताई.

सून : एक्केचाळीस घरं आहेत या गल्लीत. सदतीस घरांच्या सह्या मी स्वतः फिरून आणल्या. काही घरांची घंटा चार-चारदा वाजवली. एका बाईंनी मला दारात उभं करून आधी अर्धा तास त्यांच्या गुडघ्याचं ऐकवलं, मग सही दिली. आता कसल्या हरकती?

अभियंता : वाचून दाखवतो. नावं सांगणार नाही. ही पहिली : 'दुचाकीवरून जाताना मणक्यास हादरा बसेल.' ही दुसरी : 'वाहने सावकाश गेल्यास आतील लोक आमच्या खिडकीत पाहतील.'

सून : शी!

अभियंता : तिसरी : 'ब्रेकच्या आवाजाने आमचा कुत्रा भुंकेल. त्याचे वय झाले आहे.'

सून : कुत्र्याचं झालंय वय. आमच्या पोरांचं कधी व्हायचं मग?

अभियंता : त्यातल्या त्यात ही सभ्य गल्ली आहे म्हणा. एके ठिकाणी आम्ही केलेला गतिरोधक लोकांनी पहारीने फोडला आणि त्याची खडी कुंड्यांच्या तळाशी घालायला घरी नेली. सगळ्यांना गतिरोधक हवाच असतो, फक्त शेजाऱ्याच्या दारात. आणि कुणी मेलं की मोर्चा आमच्याच दारात. अठरा वर्षं झाली या नोकरीत. रस्त्यांचं काही नाही, माणसांची शिसारी आलीये.

सून : मग या असल्या तीन कागदांवरून तुम्ही प्रस्ताव बंद करणार?

अभियंता : छे, हे लांबच्या घरांचे कागद. हे मी फेटाळू शकतो. चौथी हरकत आहे ती जागेसमोरच्या घरमालकाची. तिथे माझे हात बांधलेले. ज्याच्या दारात उंचवटा यायचा, तो नको म्हणाला की विषय संपला.

सून : जागेसमोरच्या? पलीकडे तर बागेची भिंत आहे.

अभियंता : हो.

सून : मग जागेसमोरचं घर म्हणजे आमचंच की.

अभियंता : हो, ताई.

सून : तुमची काहीतरी गल्लत होतेय. आमच्या घराची सही यादीत सगळ्यात वर आहे. बाबांची आहे. घर त्यांच्या नावावर, म्हणून मुद्दाम त्यांचीच घेतली. मी घेतली, माझ्या हाताने.

अभियंता : ती आहेच. ही बघा, तीन तारखेची. आणि ही हरकत, बारा तारखेची. सही तुम्हीच जुळवून बघा. शेवटचं अक्षर लांब ओढलेलं आणि खाली दोन टिंबं. एकाच माणसाचे दोन कागद आले तर नंतरचा धरायचा, असा नियम आहे.

सून : ...बाबा?

सासरे : मी पाणी घेऊन येतो.

सून : थांबा. ही सही तुमची?

सासरे : माझी दिसतेय खरी.

सून : दिसतेय!

सासरे : अगं, म्हणजे माझीच आहे. पण तू समजतेस तसं नाही ते. तू सही मागितलीस, मी दिली. आनंदाने दिली. मग आप्पांनी कागद पुढे केला, त्यांनाही दिली. तुला नाही म्हटलं नाही, त्यांनाही नाही म्हटलं नाही.

अभियंता : काका, दोन्ही कागद एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

सासरे : साहेब, तुम्ही सरकारी माणूस, तुम्हाला सांगायला नको. मी चौतीस वर्षं आवक-जावकला काढली. दिवसाला दोन-दोनशे कागद. सही म्हणजे मत नव्हे हो. सही म्हणजे कागद माझ्या टेबलावरून पुढे गेला, एवढंच. आत काय लिहिलंय ते वरचे बघायचे. मी म्हटलं, सदतीस जण एकीकडे आहेत, या एका कागदाने काय बिघडतंय? वरचे बघतील.

अभियंता : वरचे म्हणजे मी. आणि मी बघितलं.

सून : आप्पा म्हणजे तुमच्याबरोबर सकाळी बागेत फिरतात ते? कोपऱ्यावरच्या घरातले?

सासरे : तेच. भिडेखातर झालं गं. पंचवीस वर्षांची ओळख. माणूस कागद घेऊन समोर उभा राहिला की तोंडातून नाही कसं काढायचं?

सून : 'ना' आणि 'ही', बाबा. आपल्या टिकलीला चौथ्या वर्षी येतं.

सासरे : साहेबांसमोर असं बोलू नये.

सून : आप्पांना काय त्रास आहे स्पीडब्रेकरचा? त्यांचं घर कोपऱ्यावर. पायीच तर जातात ते.

सासरे : त्यांना नाही गं. त्यांच्या मुलाने नवी गाडी घेतलीये. ती बुटकी असते ना, अगदी जमिनीलगत? उंचवट्यावर तिचं पोट घासतं म्हणे.

सून : पोट घासतं.

सासरे : म्हणे.

सून : गाडीचं पोट घासू नये म्हणून तुम्ही... सही दिलीत?

अभियंता : ताई, पायरीवर बसा हवं तर.

सून : नको. बाबा, कुठल्या रंगाची आहे ती गाडी?

सासरे : रंगाचं काय आता मध्येच?

सून : कुठल्या रंगाची?

सासरे : लालच म्हणायची. तशी लालसर.

सून : साहेब, माझा पहिला अर्ज आहे का त्या फाइलमध्ये?

अभियंता : आहे. तळाशी आहे.

सून : वाचा. मोठ्याने वाचा.

अभियंता : 'शाळेच्या व्हॅनमधून उतरून आजोबांच्या हाताला धरून रस्ता ओलांडताना माझ्या चार वर्षांच्या मुलीच्या दप्तराला भरधाव लाल गाडीचा आरसा लागला. ती फेकली गेली. हनुवटीला चार टाके पडले. गाडी थांबली नाही. क्रमांक कळू शकला नाही.'

सून : कळू शकला नाही, कारण मी बाबांना विचारलं, गाडी कुणाची होती, ओळखलीत का? तर म्हणाले, धुळीत काही दिसलं नाही.

सासरे : धूळ उडालीच होती.

सून : डांबरी रस्ता आहे हा!

सासरे : अगं, हळू. लोक येतायत-जातायत.

सून : ओळखली होतीत?

सासरे : ...मागून ओळखल्यासारखी वाटली. पण खात्री नव्हती गं. उगाच कुणाच्या पोराचं नाव कसं घ्यायचं? दुसऱ्या दिवशी बागेत आप्पांनीच विषय काढला, तेव्हा खात्री झाली. पोरगा फार घाबरला होता म्हणे. दोन दिवस धड जेवला नाही. सांगताना आप्पांचे डोळे भरून आले. माझे दोन्ही हात धरून माफी मागितली त्यांनी.

सून : तुमची.

सासरे : हो, अगदी कळवळून.

सून : टाके तुमच्या हनुवटीला पडले होते?

सासरे : तसं नव्हे...

सून : टिकलीला तोंड उघडता येत नव्हतं. नळीने दूध पीत होती. ठणका लागला की रडायची, रडली की टाके ओढायचे, मग आणखी रडायची. तुम्ही तिच्या उशाशी बसून गोष्टी सांगत होता. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे आणि वाटायचं, नशीब, बाबा तरी आहेत. आणि सगळा वेळ तुम्हाला माहीत होतं.

सासरे : माझा जीव नाही का तिच्यावर?

सून : आहे की. आप्पांवरही आहे. त्यांच्या पोरावरही आहे. त्या गाडीच्या पोटावरसुद्धा आहे. सगळ्यांवर सारखाच!

अभियंता : हे बघा, घरातलं मला ऐकायचं नाही. कामाचं सांगतो. मुदत आज संपतेय. काकांनी हरकत मागे घेतली तर मी आत्ता, या मिनिटाला खुणा मारून जातो. रंग डिकीत आहे. नाही घेतली तर फाइल बंद, आणि तीन वर्षं या गल्लीचा नवा अर्ज घेता येत नाही.

सून : तीन वर्षं! रोज दोनदा ओलांडायचा हा रस्ता.

सासरे : मागे घ्यायची म्हणजे लेखी?

अभियंता : लेखी. दोन ओळी पुरे.

सासरे : ते आप्पांना कळेल?

अभियंता : गतिरोधक झाला की सगळ्यांनाच कळेल.

सासरे : तसं नव्हे. माझ्यामुळे झाला, हे?

अभियंता : फाइल कुणीही मागून बघू शकतो.

सासरे : मग साहेब, असं नाही का करता येणार... तुमच्या पातळीवर... माझा तो बारा तारखेचा कागद गहाळ झाला असं? आमच्याकडे व्हायचे कधीकधी.

अभियंता : काका!

सून : ऐकलंत? सरकारी कागद गहाळ करायला तयार आहेत, पण आप्पांना नाही म्हणायला नाही.

सासरे : तुला नाही कळायचं. उद्या सकाळी तो माणूस माझ्यासमोर येणार. तुझं कुणाशी वाजलं तर तुला दुसरे दहा आहेत. तुझा नवरा फिरतीवर, तू दिवसभर त्या कामाच्या फोनवर. मी बोलू कुणाशी? बागेत माझ्याशी बोलणारा तो एकच उरलाय. बाकीचे गेले.

सून : ...कळतं मला ते.

सासरे : कळत असतं तर अशी बोलली नसतीस.

सून : कळतं, म्हणूनच जास्त किळस येतेय. तुम्ही दुष्ट असता तर मला सोपं गेलं असतं, बाबा. भांडले असते आणि मोकळी झाले असते.

अभियंता : ताई, मला पुढे आणखी दोन गल्ल्या आहेत.

सून : असं करा बाबा, सगळं माझ्यावर ढकला. आप्पांना सांगा, सून फाटकात आडवी झाली, बळजबरीने सही घेतली. मी नाकारणार नाही. त्यांनी विचारलं तर त्यांच्या तोंडावर हो म्हणेन.

सासरे : खरंच म्हणशील?

सून : म्हणेन.

सासरे : मग कागदावर तसंच लिहू का? 'सुनेच्या आग्रहाखातर हरकत मागे घेत आहे.'

सून : लिहा.

सासरे : तुला चालेल ना पण? म्हणजे उद्या गल्लीत तुझंच नाव होईल, सून भांडकुदळ म्हणून.

सून : लिहा, बाबा.

सासरे : चष्मा... हां, खिशातच आहे. साहेब, पेन द्या जरा. कागद कशावर ठेवू?

अभियंता : ही फाइलच घ्या खाली. इथे सही. बाजूला वेळही टाका. ...झालं. रंग काढतो. ताई, फाटकाजवळची ती सायकल तेवढी आत घ्या, शिंतोडे उडतील.

सून : घेते.

सासरे : बघ, निघाला की नाही मार्ग? तुझंही झालं, आप्पांनाही सांगायला जागा राहिली. कुणी दुखावलं नाही शेवटी. आता चेहरा जरा सरळ कर, चहा टाकतो मी.

सून : व्हॅनची वेळ झाली.

सासरे : अरे हो. चपला घालतो नि आणतो तिला.

सून : राहू द्या. मी जाते.

सासरे : तुझा या वेळेला कामाचा फोन असतो ना?

सून : त्यांना सांगेन मी. उद्याचंही सांगेन. यापुढे मीच आणत जाईन तिला.

सासरे : अगं, रोज मीच तर आणतो. तिला माझ्या हाताची सवय आहे.

सून : सुटेल.

सासरे : पण आता तर मी सही केली ना?

सून : हो बाबा. केलीत.