आमचा भाग बरोबर आहे!

...आणि वर मलाच विचारतात, "तिंग, तू नेमकं काय केलंस?" मी काय केलं? अहो, मी काय करणार! माझा डावा हात वायरीनं स्वयंपाकघरातल्या नळाला बांधलेला! तुम्हाला सांगते, म्हशीलासुद्धा जरा लांब दोर सोडतात.

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल घरचे हिला छळतात. छळतातच, पण प्रेमानं.

रविवारी सकाळी दहाला माझी परीक्षा होती. तैपेईची कंपनी, परदेशी मालिकांखाली आपल्या भाषेतल्या ओळी लिहायचं काम, तेही घरात बसून! आता ज्या मुलीच्या हातून मुलाखतीत समोरच्या साहेबानं खुर्ची सरकवली तरी दचकून पाणी सांडतं, एकदा नाही, तीन साहेबांच्या तीन टेबलांवर, तिला यापेक्षा चांगलं काम कुठलं? कॉलेज संपून चौदा महिने झालेले. आणि हे हुकलं तर काय ठरलं होतं माहितीये? आमचे शेजारी ल्याओ काका मला त्यांच्या कारखान्यात चिकटवणार होते. पत्रा कापायचा कारखाना! यंत्र दर चार सेकंदांनी धाडकन आदळतं. म्हणजे मिनिटाला पंधरा वेळा दचकायचं, आणि मधे जेवणाची सुट्टी!

परीक्षेची अट एकच, चांगला डेस्कटॉप हवा. तयार मिळत होता, पण दहा दिवसांनी. सुटे भाग हातोहात मिळत होते. घेतले. माझा चुलतभाऊ पो-हान, त्याचं चुंगलीला कॉम्प्युटरचं दुकान आहे, त्याला फोन केला तर हा हसतोय! "तू? तू जोडणार? अगं बाई, टोस्टरमधून पाव वर आला तरी तू किंचाळतेस!" ते एकदाच झालं होतं. बरं, दोनदा. "राहू दे तसंच," म्हणे, "सोमवारी येतो, जोडून देतो." सोमवारी! परीक्षा रविवारी, आणि हा दिवे लावणार सोमवारी! मी म्हटलं, दादा, तू येऊच नकोस, माझी मी जोडते.

पण मला वाटलं, मला कसली भीती? मी राहते कुठे? ताओयुआनमधे! आमच्या गल्लीत! जगात कुठलाही कॉम्प्युटर उघडा, आतमधे आमच्या गल्लीतल्या कुणाच्या तरी बोटाचा ठसा सापडेल. ल्याओ काकांनी तीस वर्षं कॅबिनेटचे पत्रे कापले. समोरच्या ज्वांग मावशींनी बावीस वर्षं पंखे तपासले. आणि माझी आई एकोणीस वर्षं मदरबोर्ड तपासायच्या टेबलावर होती, रॅमची पट्टी बसवायला. डोळे मिटून बसवते! मला वाटलं, घरचंच कार्य आहे. हे नाही कळलं हो, की यांच्यापैकी अख्खा कॉम्प्युटर कुणी बघितलाच नव्हता! कारखान्यात समोरून पट्टा सरकायचा, आपापला तुकडा करायचा, पुढे ढकलायचा, पुढचं पुढच्यानं बघायचं!

शनिवारी दुपारी बसले. आईनं आधी कपाटातून कारखान्यातला जुना मनगटी पट्टा काढला. अंगातल्या विजेनं सुटे भाग जळतात म्हणे. त्याची वायर लावली नळाला. "आई, मला उठायचं झालं तर?" "कामाच्या वेळी उठत नाहीत." झालं!

मग प्रोसेसर. तो ठेवायचा आणि वरची दांडी दाबायची. ती दाबताना कर्रर्र असा आवाज येतो, तुम्हाला सांगते, कुणाच्या तरी बरगड्या मोडतायत असा! मी सोडून दिली. पुन्हा दाबली, पुन्हा कर्रर्र. पुस्तिकेत लिहिलंय 'आवाज येणे स्वाभाविक आहे'. स्वाभाविक? मग आधीच्या पानावर लिहा ना! जीव गेल्यावर कसलं सांगता!

तेवढ्यात काका आणि मावशी आले. बोलावलं कुणी? कुणीच नाही. आल्याबरोबर मावशींनी पेरूच्या फोडी मांडल्या मदरबोर्डाच्या शेजारी, वर आलुबुखाऱ्याची पूड भुरभुरवली, मी म्हणतेय मावशी, पूड! पूड! काका कॅबिनेटच्या कडेवरून बोट फिरवतायत, नवी सून बघायला आल्यासारखे. "बोट फिरव, तिंग. कापतं का? नाही ना! आमचा भाग बरोबर आहे." मी तक्रार केली होती का?

तेवढ्यात माझा एक स्क्रू पडला. मी टेबलाखाली. वरून आईचा आवाज, "तुझं चालू दे, मी रॅम बसवते." टक्! मी दचकले, डोकं आपटलं. मग जरा वेळानं पुन्हा टक्! पुन्हा आपटलं. मी म्हटलं, चला, बसली.

सहा वाजले, सगळं जोडून झालं. बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, काका टाळ्या वाजवतायत... आणि पडदा काळा. काळा म्हणजे, अमावास्येला विहिरीत वाकून बघावं तसा काळा. बंद केला, लावला. काळा. उद्या दहा वाजता परीक्षा, आणि कानात आत्तापासून धाडकन, धाडकन.

मावशींनी पंख्यापुढे तळवा धरला. "वारा बघ कसा एकसारखा! आमचा भाग बरोबर आहे." काका म्हणाले, "पत्र्यात तर चूक होतच नाही." आई म्हणाली, "रॅम बसताना टक् झालं की नाही? तू ऐकलंस की नाही?" ऐकलं, आई, कपाळावर टेंगूळ आहे. "मग! आमचा भाग बरोबर आहे." मग तिघंही वळून माझ्याकडे! "म्हणजे तिंगनंच काहीतरी केलं." अहो, तिघांचे तीन भाग बरोबर, उरले कोण? मी! आणि मला सांगायलासुद्धा काही नाही, कारण माझा भागच कुठला? मी कॉलेजात इंग्रजी शिकले!

फोन करू का पो-हानला? जिभेवर आलं होतं, खरंच सांगते. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गाणं वाजलं. कचऱ्याची गाडी! आता ही गाडी तीन मिनिटं थांबते, आणि रविवारी येतच नाही. शनिवारी चुकली तर दोन दिवस माशांची डोकी उशाशी घेऊन झोपा. तिघं जे उठले! काका चपला उलट्या घालून पळाले, मावशी पेरूची सालं घेऊन, आणि आई टेबलावरची सगळी रिकामी खोकी, पुठ्ठे, प्लास्टिक एका पिशवीत कोंबून त्यांच्या पुढे.

घर शांत झालं. चौदा महिन्यांत पहिल्यांदा इतकं शांत. मी आत वाकून, पुस्तिका हातात धरून, एकेक भाग बोटानं मोजत गेले. प्रोसेसर, पंखा, वायरी... आणि रॅमची जागा. रिकामी.

रिकामी हो! दोन्ही बाजूंच्या खिट्या उघड्या, मधे काही नाही!

आणि मग मला कळलं. दोनदा टक्! एकोणीस वर्षं आई काय करायची? बोर्ड आला, रॅम बसवली, टक्, दिवा हिरवा, टक्, रॅम काढली, प्लास्टिकच्या डबीत ठेवली, पुढचा बोर्ड! जन्मात कधी एक पट्टी आत राहू दिली नाही तिनं! आणि डबी? डबी कचऱ्याच्या गाडीवर!

मी किंचाळत पळाले. म्हणजे पळायला गेले. नळ! पट्टा ताणला, मी गर्रकन फिरून भांड्यांवर, पट्टा तुटला, उठले, एका पायात चप्पल. गाणं पुढे निघालेलं. कुत्रं भुंकलं, मी कुत्र्यावर ओरडले! मी! कुत्र्यावर! मागून येणारी दुसरी गाडी प्लास्टिक घेणाऱ्याची, तिला लोंबकळलेच. "अहो दादा, माझी रॅम!" तो शांतपणे म्हणतो, "पुठ्ठा पुढच्या गाडीत, ताई. माझ्याकडे फक्त प्लास्टिक. आमचं बरोबर असतं." यालासुद्धा! यालासुद्धा तेच! मी सरळ हात घातला. दह्याचे डबे, शाम्पूच्या बाटल्या, कुणाचे तरी दात, नकली होते, तरी किंचाळले, आणि त्याखाली ती पारदर्शक डबी, आत पट्टी, कशी अलगद ठेवलेली, अगदी जागच्या जागी.

घरी आले. म्हटलं, "आई, तू रॅम काढलीस!" चेहऱ्यावर काही नाही. "मग? काढायचीच असते." "अगं, राहू द्यायची असते! कॉम्प्युटर चालायला ती आत लागते!" तिनं माझ्या हातातून पट्टी घेतली, पुसली, बसवली. टक्. तिचा हात पुन्हा पट्टीकडे गेला, सवयीनं. मी तो धरून ठेवला. घट्ट. आणि मोकळ्या हातानं बटण दाबलं.

पडदा उजळला. निळा. आई बघतच राहिली. "हे असं दिसतं होय?" एकोणीस वर्षं, हजारो बोर्ड, आणि बाईनं पुढचं कधी पाहिलंच नव्हतं. मी रडले वगैरे नाही. पेरूवरची पूड डोळ्यात गेली होती. मागून काका मावशींना सांगतायत, "बघा, म्हटलं नव्हतं? आमचा भाग बरोबर आहे!"

परीक्षा दिली. आठवड्यानं पत्र आलं, पास! मी आनंदानं ओरडणार, तेवढ्यात खालची ओळ वाचली. 'गोपनीयतेसाठी कामाला फक्त कंपनीचाच कॉम्प्युटर वापरावा. तो आपणांस तयार, जोडलेल्या स्थितीत, पाठवण्यात येत आहे.' तयार! जोडलेल्या स्थितीत! अहो, मग कशाला मला कचऱ्याच्या गाडीला लोंबकळायला लावलंत?

आला तो. पण घरात टेबल एकच, आणि त्यावर माझा कॉम्प्युटर, आणि त्याच्यापुढे आई. माजाँग खेळते. सकाळी आठपासून. मावशी डावीकडून सांगतात, काका उजवीकडून. मी कंपनीचा कॉम्प्युटर इस्त्रीच्या फळीवर ठेवून, उभ्यानं मालिका लिहिते. काल जरा वेगात लिहीत होते, तर आई मानसुद्धा न वळवता म्हणाली, "तिंग, बटणं जरा हळू दाब. माझा डाव चुकतो."

हळू दाबते आता. काय करणार?