फवझीच्या आईचे नाव

मी, इन्साफ बयूमी गाद, वय ६९, धंदा निवृत्त मुख्याध्यापिका, विषय भूगोल, शिक्षण अलेक्झांड्रिया विद्यापीठाची पदवी, राहणार अल-अरबईन, सुएझ, भावाच्या घराचा वरचा मजला. लेखनिकाने आईचे नाव विचारले. ते मी पुढे, त्याच्या जागी सांगेन. इथे जागा मोकळी ठेवावी.

मला कोणी बोलावलेले नाही. मी स्वतः ठाण्यात येऊन सांगते ते असे.

फवझी बयूमी गाद, वय ७२, हा माझा सख्खा थोरला भाऊ. आज सकाळी तो लग्नाचे साखरबदामाचे डबे घेऊन कैरोहून भाड्याच्या गाडीने येत होता. नाक्यावर ओळखपत्र तपासून त्याला उतरवून घेण्यात आले. त्याच नावाच्या एका बांधकाम ठेकेदाराला इमारत कोसळल्याच्या खटल्यात शिक्षा झाली आहे आणि तो फरार आहे. पकडण्याच्या हुकुमात त्याचे नाव, बापाचे नाव आणि आजोबांचे नाव एवढेच आहे. ही तिन्ही माझ्या भावाशी जुळतात. वयही जवळपास सारखे आहे. तरी माझा भाऊ तो माणूस नाही.

नाक्यावरच्या शिपायाने भावाला चेहऱ्यावरून ओळखले, पण गोलकीपर म्हणून. तो म्हणाला, "अरे, हे तर गोल सोडणारे कॅप्टन! आता बिल्डिंगाही हातातून सोडायला लागलात का?" गाडीच्या चालकाने हे मला फोनवर सांगितले. माझी त्याबद्दल तक्रार नाही. आमच्या घराला असल्या बोलण्याची सवय आहे.

आज असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजानंतर फवझीच्या नातीचा, शैमाचा, निकाह आहे. शैमाचे वडील वारले आहेत. नवऱ्या मुलाच्या हातात हात देऊन, वर रुमाल टाकून, मुलीच्या वतीने बोलायचे ते आजोबांनी. आमच्या घरात दुसरा पुरुष उरलेला नाही. मुलाच्या वडिलांचा मला फोन आला. ते म्हणाले, "बाई, आजोबा मशिदीत आहेत की कोठडीत, तेवढं एकदा सांगा, म्हणजे आम्ही कोट चढवायचे की उतरवायचे ते ठरवतो." मी त्यांना कोट चढवायला सांगितले आणि इथे आले.

मी आले तेव्हा फवझी बाकावर बसलेला होता. एका हातात बेडी होती आणि बेडीचे दुसरे टोक बाकाच्या दांड्याला होते. बाकावर आणखी माणसे होती. निरीक्षक हातिम सालेह त्याच्याशी सभ्यपणे बोलत होते, हे मी मुद्दाम नोंदवते. ते म्हणाले, "हाजसाहेब, खटल्याच्या कागदांत त्या ठेकेदाराच्या आईचं नाव आहे. तुम्ही तुमच्या आईचं सांगा. जुळलं नाही की तुम्ही मोकळे."

फवझी म्हणाला, "फवझीची आई."

"अहो, तसं तर माझ्या आईलाही हातिमची आई म्हणतात. नाव काय?"

"साहेब, तुम्ही तुमच्या आईचं नाव या बाकासमोर मोठ्यानं घ्या. मग मी घेतो."

बाकावरचे हसले. निरीक्षक हसले नाहीत. त्यांनी आपल्या आईचे नावही घेतले नाही. ते गिरगाकडचे आहेत, असे मला नंतर कळले. आम्ही सोहागकडचे, म्हणजे मुलूख एकच. आमच्याकडे पुरुष चारचौघांत आईचे नाव घेत नाही. नाक्यावरही फवझीने हेच उत्तर दिले होते आणि तिथल्या अधिकाऱ्याने, माणूस काहीतरी लपवतो आहे, असा शेरा मारला. तो काही लपवत नाही. तो सांगत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सरकारी नोंद पाहून काम होणार नाही. फवझीचा जन्म गावचा. नोंद करायला वडील गेले. कारकुनाने बाळाच्या आईचे नाव विचारले तेव्हा ते म्हणाले, "फवझीची आई." कारकूनही तिकडचाच होता, त्याने तेच लिहिले. माझ्या जन्माच्या वेळी वडील इथे गोदीत कामाला होते आणि माझी नोंद करायला आई स्वतः गेली. त्यामुळे माझ्या नोंदीत नाव आहे आणि भावाच्या नोंदीत नाही.

निरीक्षकांनी मला विचारले की, अशी चूक याआधी झाली आहे काय. झाली आहे. या नावाचे चार पुरुष वर्तमानपत्रांतून गाजले. माझा भाऊ गोलकीपर. दुसरा लग्नांतून मव्वाल ही लोकगीते गाणारा, टांटा शहरातला, आता हयात नाही. तिसरा अलेक्झांड्रियातला डोळ्यांचा डॉक्टर. त्याची आमची भेट कधी झाली नाही, पण त्याचे रोगी आम्हाला फोन करतात आणि फवझी त्यांना डोळ्यांत काही घालू नका, एवढे सांगून फोन ठेवून देतो. चौथा हा ठेकेदार.

गाणाऱ्याची ओळख झाली ती अशी. भावाच्या हातून एक गोल गेला, त्याबद्दल पुढे सांगेन; त्यानंतरच्याच आठवड्यात झगाझीगला एका लग्नात गाणाऱ्याचे नाव पुकारल्याबरोबर लोकांनी त्याच्यावर चपला फेकल्या. तो बस पकडून आमच्या दारात आला आणि रस्त्यातूनच ओरडला, "कुठाय तो? गोल त्यानं खायचा आणि चपला मी खायच्या होय?" आईने दाराआडून सांगितले, "आत ये रे बाळा. आधी जेव, मग भांड." तो आत आला. मुलुखियाची भाजी आणि भात होता. दोनदा वाढून घेतल्यावर तो म्हणाला, "सांगा अम्मा, आता या नावाचं मी करू काय?" आई म्हणाली, "नावाला काय झालंय? चांगलं नाव आहे. मीच ठेवलंय." तो म्हणाला, "मग झालंच की. तुम्ही फवझीची आई आणि मी फवझी. तिसऱ्यांदा वाढा."

पुढे प्रत्येक ईदला त्याचा आईला फोन येई.

तो गेला तेव्हा एका वर्तमानपत्राने बातमीत माझ्या भावाचे छायाचित्र छापले. लोक सांत्वनाला आमच्या घरी येऊ लागले. आलेल्या माणसाला दारातून परत पाठवणे बरे नव्हे म्हणून फवझीने खुर्च्या मांडल्या, दुखवट्याची बिनसाखरेची कॉफी ठेवली आणि स्वतः दाराशी उभा राहिला. एक जुना खेळाडू त्याला पाहून म्हणाला, "कॅप्टन, तुम्ही तर जिवंत आहात!" फवझी म्हणाला, "आजच्या दिवस नाही. बसा, कॉफी घ्या."

ठेकेदाराच्या वेळीही तेच छायाचित्र छापले गेले. त्या इमारतीखाली माणसे गेली आहेत. त्यानंतर एक बाई आमच्या पायरीवर येऊन बसली. तिने विचारले, "फवझी बयूमी गादचं घर हेच ना?" मी म्हटले, "हेच, पण तो हा नाही." ती म्हणाली, "सगळे असंच म्हणतात." मी तिला पाणी दिले. तिने ते घेतले नाही. ऊन उतरेपर्यंत ती बसून होती. फवझी आत होता. बाहेर येऊन तिच्याशी काय बोलावे, हे त्याला कळले नाही, मलाही कळले नाही. खरा माणूस सापडावा असे त्या बाईइतकेच आम्हालाही वाटते. माझ्या भावाला आत ठेवल्याने तो सापडणार नाही.

आता भाऊ नाव का घेत नाही त्याबद्दल. रिवाज मी वर सांगितला, पण रिवाजापायी कोणी नातीचा निकाह अडवत नाही. दुसरे कारण आहे. ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाही.

फवझीच्या, म्हणजे कालवा कामगारांच्या संघाचा चषकाचा सामना कैरोत होता. सामना संपत आला असताना जमिनीवरून येणारा एक साधा चेंडू फवझीच्या पायाजवळून जाळ्यात गेला. त्याने हात पुढे केला नाही. हातमोजे काढून गोलाच्या खांबाशी ठेवले आणि तो मैदानाबाहेर चालत गेला. त्यानंतर तो खेळला नाही. तो विकला गेला असे छापून आले. त्याने कधी खुलासा केला नाही.

गोलामागच्या प्रेक्षकांना कुठून तरी आमच्या आईचे नाव कळले होते. ते त्यांनी एका शिवीला जोडले आणि टाळ्यांच्या तालावर सगळे मिळून म्हणू लागले. खुलासा करायचा तर काय म्हणत होते ते सांगावे लागले असते. विकला गेला म्हणवून घेणे त्याने पत्करले.

सामना रेडिओवर होता. आई, शेजारच्या बायका आणि मी भाजी निवडत ऐकत होतो. रेडिओवर ते स्पष्ट ऐकू आले. बायकांनी माना खाली घातल्या. आईने रेडिओ बंद केला. ती म्हणाली, "भात खाली लागला वाटतं," आणि उठून आत गेली. चुलीवर काहीही नव्हते.

फवझी घरी आला तेव्हा आईने त्याला सामन्याबद्दल विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. आई जाईपर्यंत त्या दोघांत तो विषय निघाला नाही. तिने ते ऐकले होते, हे फवझीला माहीत नाही. तो बाकावर बसला आहे आणि हा जबाब त्याच्यासमोर वाचला जाणार आहे, याची मला कल्पना आहे. दुसरा मार्ग असता तर मी तो घेतला असता.

आमच्या आईचे नाव नबविया हसनैन. वर मोकळी ठेवलेली जागा याच नावाने भरावी.

निरीक्षकांनी ते नाव खटल्याच्या कागदांशी आणि माझ्या नोंदीशी ताडून पाहिले. ठेकेदाराच्या आईचे नाव वेगळे आहे असे त्यांनी सांगितले. काय आहे ते सांगितले नाही, ते योग्य केले. भावाला सोडावे, बेडी काढावी आणि साखरबदामाचे डबे परत द्यावेत, एवढीच माझी विनंती आहे. एक डबा उघडलेला आहे. तो बाकावरच्यांना राहू द्यावा.

जबाब लेखनिकाने सर्वांसमोर वाचला. आईच्या नावापाशी आल्यावर त्याने आवाज खाली घेतला. मी त्याला थांबवून ते वाक्य पुन्हा, नीट ऐकू येईल असे वाचायला सांगितले. तो म्हणाला, "बाई, कशाला? लिहिलंय ना." मी म्हटले, "मागच्या वेळी हे नाव मोठ्याने घेणाऱ्यांनी ते घाण करून ठेवलं. तुम्ही स्वच्छ वाचा." त्याने निरीक्षकांकडे पाहिले. निरीक्षक उभे राहिले आणि म्हणाले, "वाच." त्याने वाचले. बाकावरचे कोणी हसले नाही.

बेडी काढल्यावर फवझी लगेच उठला नाही. त्याने मला विचारले, "ती ऐकत होती?"

मी म्हटले, "हो."

"मग काही बोलली नाही?"

"भात लागला म्हणाली."

तो मनगट चोळत बसला. मग म्हणाला, "त्या दिवशी भात चुलीवर चढलाच नव्हता. मी आलो तेव्हा ती तांदूळ धूत होती." मी म्हटले, "चल, असरची वेळ झाली." डबे त्याने उचलले.

हे शेवटचे बोलणे माझ्याच सांगण्यावरून खाली जोडले आहे. जबाब मी ऐकला, माझ्या भावाने ऐकला. तो बरोबर आहे.

सही : इन्साफ बयूमी गाद, आईचे नाव नबविया हसनैन