बाळकृष्ण आणि वरची लीग

आमच्या बाळकृष्णाची गंमत सांगते. माझा दीर मेलबर्नला असतो. तिकडे फुटबॉलची दुसऱ्या फळीची नवी राष्ट्रीय स्पर्धा निघाली आणि त्याच्या लाडक्या क्लबला तिच्यात जागा मिळाली. फोनवर म्हणाला, "वहिनी, देवाला सांगा." मी इथे साउथहॅम्प्टनमध्ये बाळकृष्ण पाण्यात ठेवला. क्लब वरच्या लीगमध्ये गेला की मगच बाहेर काढीन, असं बोलले.

क्लब स्पर्धा जिंकला. मी देव पुसायला घेतला, तर दीर म्हणाला, "वहिनी, जिंकून वर जायची सोय इकडे नाहीच. इंग्लंडसारखं नाही ते. त्यावरूनच तर आम्ही सगळे फॅन भांडतोय."

"मग सोय कधी होणार?"

"काही वर्षांनी. कदाचित."

आमचे हे म्हणाले, "अगं, तोवर देवाला सर्दी होईल."

होईल कशी? मी रोज कोमट पाणी घालते.